वखारवाले मामा रडले म्हणं!

"काकू, ओ काकू! कपडे मागनं घाला वाळत. जरा कुंपणाजवळ या की."

"आले बाई. काय झालं?"

"आमच्या निपाणीचे वखारवाले मामा आलेत न्हवं पलीकडं लेकीकडं? ते काल रडले म्हणं!"

"कोण, ते? तंबाखूचा भाव ढासळला तरी पापणी न हलवणारं माणूस ते! पोरीच्या पाठवणीला मांडववाल्याशी हिशेब घालत उभे हुते."

"तेच सांगालोय! काल शहापूरला पेटीची बैठक हुती. गाणं न्हाई, नुसती पेटी आणि तबला. शेवटी भैरवी सुरू झाली आणि मामांनी टोपी काढून तोंडावर धरली. जावयानं डोळ्यानं बघितलंय."

"मग त्यात काय नवल?"

"नवल न्हाई कसं ओ? शब्द न्हाईत, अभंग न्हाई. लाकडाची पेटी ती! तिच्यावर रडायचं?"

"पेटीला नाव ठेवायचं तर दुसऱ्या गावात जाऊन ठेव. हे रामभाऊ विजापुऱ्यांचं बेळगाव हाय. १९१७ सालचा जन्म, मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या कागवाडचे. २०१० साली गेले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, कुमार गंधर्व, सगळ्यांना पेटीची साथ केली त्यांनी. आणि वझेबुवांसारख्यांकडं गाणंसुद्धा शिकलेले. गळ्यातनं गेलेलं बोटात उतरलं ते."

"खरं आमचे सासरे म्हणायचे, पेटीत मींड येत न्हाई."

"सासरे चुकीचं म्हणत न्हवते. गळा, सारंगी एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जातात. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधी काही न्हाईच. असल्याच कारणांनी १९४० साली रेडिओनं पेटी बंद केली. १९७१ नंतर कुठं बंदी सैल झाली. तीस वर्षं माणसं देवळात, बैठकीत पेटी ऐकायची आणि रेडिओवर तिचं नाव न्हाई."

"मग मींड न्हाई, शब्द न्हाईत, तर मामांना रडवलं कुणी?"

"डाव्या हातानं."

"आँ?"

"तू उजव्या हाताची बोटं बघत बसतीस. खरं काम भात्याचं. वारा किती सोडायचा, कुठं आवरायचा, हे डावा हात ठरवतोय. सूर उगवतोय, भरतोय, मावळतोय. ऐकणाऱ्याचा श्वास कधी त्याच्याबरोबर चालायला लागला, त्याचं त्याला कळत न्हाई. पियानोत हे जमत न्हाई. तिथं तारेवर हातोडी पडली की सूर विरायलाच लागतोय."

"म्हणजे पियानोवर कोण रडत नसंल."

"रडतात की! आमच्या डॉक्टर भाच्यानं सांगितलं. कॅनडात माँट्रियलला दहाजणांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूचे फोटो काढले. २००१ साली छापून आलं ते. त्यात एकानं रॅचमॅनिनॉफ नावाच्या रशियन माणसाची पियानोची रचना निवडली हुती. अंगावर काटा आला की मेंदूत हालचाल कुठं, तर गोडधोड खाल्ल्यावर जिथं हुते तिथंच."

"अय्या! म्हणजे कुंदा खाल्ल्यासारखं?"

"तसंच. आणि पुढं २०११ साली त्यांना आणखी एक कळलं. आवडती जागा यायच्या आधीच, ती येणार येणार म्हणून वाट बघतानाच मेंदूला सुख व्हायला लागतंय. आपल्याकडं समेची वाट बघताना मुंडी हलायला लागती ते काय दुसरं?"

"खरं काकू, सुख झालं तर रडायचं कशाला? मला वाटतंय मामांना मामी आठवल्या. जावई म्हणतोय, कोर्टातली जमीन. मास्तरीणबाई म्हणतात, बीपीची गोळी चुकली."

"सगळ्यांनी मिळून त्या माणसाच्या मागं एक कारण लावून द्या! अगं, शब्द असते तर गाण्यानं सांगितलं असतं, आईसाठी रड, देवासाठी रड. पेटी काही सांगत न्हाई. ती नुसती जागा करून देती. ज्याचं जे साठलंय ते तिथं येऊन बसतंय. चाळीस वर्षं वखारीत हिशेब करणाऱ्याचं किती साठलं असंल, तूच बघ."

"ते पण खरंच. मी विचारलं सकाळी, तर म्हणाले, उदबत्तीचा धूर डोळ्यात गेला."

"म्हणू दे. विचारू नकोस परत."

"न्हाई विचारत. खरं एक सांगायचं राहिलं. निघताना त्यांनी पुढल्या बैठकीसाठी पाचशे रुपये वर्गणी दिली म्हणं."

"मामांनी? मागितल्याबिगर?"

"मागितल्याबिगर!"

"मग रडले असतील बाई. आता माझी खात्री पटली."