सखोल, तेही शंभर टक्क्यांच्या वर

सरकारी मराठीत काहीही नुसते होत नाही. चौकशी सखोल, आढावा सखोल आणि डिसेंबर २०२३पासून मुंबईत झाडूही सखोलच मारला जातो; मोहीमच ‘सखोल स्वच्छते’ची. (त्याआधी चालली होती ती उथळ होती का, हे विचारायचे नसते.)

दहिसरमध्ये या विशेषणाची खोली मोजायला नदीच आहे. तुळशी तलावाच्या बाजूने, राष्ट्रीय उद्यानातून निघालेली दहिसर नदी सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानात ती नदी असते. बाहेर पडली, की तबेल्यांचे शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते; मग कागदाला ती नदी आणि नाकाला नाला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी, पोयसर, ओशिवरा, दहिसर या चौघींचा सखोल विचार सुरू झाला. विचार बराच खोल गेला. नदीचा तळ मात्र गाळाने वरच येत राहतो आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा उपसावा लागतो.

काही वर्षी तर नालेसफाई शंभर टक्क्यांहून अधिक झाल्याचे महापालिकेने जाहीर केले. खुलासा सोपा आहे: ठरवलेल्या उद्दिष्टापेक्षा गाळ जास्त निघाला. उद्दिष्ट कोणी ठरवले? त्यांनीच. पोराला शंभरपैकी एकशे पाच गुण पडले तर शाळा पेपर पुन्हा तपासते. इथे पत्रकार परिषद घेतात.