कळस वाकडा, काकडी सरळ

अगं ए, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कुंपणापाशी ये. हे चाखून बघ. काकडी-कांदा, व्हिनेगरमधला. मागच्या घरातली म्हातारी रविवारी थंड हॅमबरोबर खाते ना, तोच. तिच्याकडूनच शिकून घेतला. उद्या कांदेनवमी, आणि सासूबाई आल्यात साताऱ्याहून. एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण बंद! म्हटलं, भजी तर होणारच, जोडीला हेही होऊ दे.

करायला काही नाही गं. काकडीच्या अगदी पातळ चकत्या करायच्या, मीठ लावून 20 मिनिटं चाळणीत ठेवायच्या. आपण कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून मीठ आयत्या वेळी घालतो, इथे सगळं उलटं. आधी पाणी काढायचं, मग व्हिनेगर मुरवायचं. ते पाणी ओतून देऊ नकोस हं, थालिपिठाच्या पिठात घाल. मग काकडी हलक्या हाताने पिळायची, कांद्याच्या गोल चकत्या मिसळायच्या. 4 चमचे माल्ट व्हिनेगर, 2 चमचे पाणी, चमचाभर साखर, मिरपूड. अर्धा तास फ्रिजमध्ये. झालं.

दाण्याचं कूट? नाव काढू नकोस! कोपऱ्यावरचीने घातलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचा पार लगदा झाला. आणि वर ही बया मंडळात सांगत फिरते, इंग्रजांच्या खाण्याला चवच नाही म्हणून.

शेंडा कापून घासत बसायलाही नको. इथली काकडी कडू निघतच नाही. काचघरात वाढवतात ना, तिथे मधमाश्यांना आत येऊच देत नाहीत. परागीकरण झालं की बी धरतं आणि चव बिघडते म्हणे.

आणि सरळ किती, फूटपट्टीच! स्टेशनबाहेर जॉर्ज स्टीफन्सनचा पुतळा आहे बघ, रेल्वेवाला. शेवटची वर्षं तो इथेच, टॅप्टन हाउसमध्ये राहायचा. काकड्या वाकड्या होतात म्हणून पठ्ठ्याने काचेच्या नळ्या करवून घेतल्या, त्यात काकडी वाढवायची म्हणजे वाकायची सोयच नाही. 1848 मध्ये इथेच गेला, होली ट्रिनिटी चर्चमध्ये पुरलाय. आता मला सांग, आपल्या चेस्टरफील्डच्या मोठ्या चर्चचा कळस पिळवटून 9 फूट कलंडलाय, शेकडो वर्षं तसाच आहे. त्याचं कुणाला काही नाही, आणि याला काकडी सरळ हवी!

सासूबाईंची गंमत ऐक. वाटी हातात घेतली आणि विचारलं, हे व्हिनेगर कशाचं? मी आपली खरं बोलले. बार्लीला मोड आणतात, तिची बिअरसारखी दारू करतात, मग ती आंबवतात. झालं! मला वाटलं, आता वाटी बेसिनमध्ये. बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे दारू होती, आता सुधारली.” पुन्हा वाढायला लावलं त्यांनी.

तळाला उरलेल्या व्हिनेगरमध्ये म्हातारी पाव बुडवून खाते. आमच्या ह्यांनी काल ती वाटी सरळ तोंडाला लावली, माझी पाठ वळल्याबरोबर. डॉक्टरांनी पित्तासाठी आंबट बंद केलंय, आणि हे रात्रभर ढेकर देत बसले होते. त्यांच्यासमोर काही बोलू नकोस हं, मला कुठे माहीत आहे!