उजव्या पायाचा बूट

निवृत्त झाल्यावर माणसाला एक तर साखर होते, नाही तर समाजसेवेची ओढ लागते. मला दोन्ही एकाच महिन्यात झालं. साखरेवर गोळी मिळाली. दुसऱ्यासाठी मी गमबूट घेतले.

कॉलेजात असताना बरोबरची पोरं उन्हाळ्यात बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जायची आणि हाताला फोड घेऊन, गाणी म्हणत परत यायची. मी तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. पास झालो आणि पुढची चौतीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांना ‘उद्या या’ म्हणालो. तो अनुशेष आता भरून काढायचा होता. जुन्या सवयीने एक वहीही घेतली. डावीकडे ‘जमा’, उजवीकडे ‘नावे’. केलेली सेवा जमेत मांडायची. ‘नावे’च्या रकान्यात काय लिहायचं, हे काही ठरवलं नव्हतं.

मे महिन्यात नवेगाव बांधला पोचलो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव तलावामुळेच ओळखलं जातं. भोवती सात डोंगर आणि मध्ये पाणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला, असं सांगतात. कोहळी म्हणजे तलाव बांधणारा समाज. धान आणि पाणी दोन्हींची जाण असलेली माणसं. बांध घालताना सात बहिणींनी हात लावला, अशी कथा आहे. पाटलांना लोकांनी पुढे कोलासूर देव केलं, टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. शाल नाही, श्रीफळ नाही, थेट देव. मी पाळीवर उभा राहून हे ऐकलं आणि गमबुटाकडे जरा आशेनं पाहिलं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो मालगुजारी तलाव आहेत, आणि लहान बोड्या तर शेताशेतात. मालगुजारांची जमीनदारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे गेले. जे सगळ्यांचं झालं ते कुणाचंच राहिलं नाही. गाळ साचला. त्यात बेशरम माजली. जांभळ्या फुलांची ही बाई दिसायला देखणी, पण शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. तोडलेली फांदी ओल्यात पडली की तिथेच मूळ धरते. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण बारशाला शहाणा माणूस बसलेला असणार. या भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाला सोबत घेऊन बेशरम उपटायचं, तळ नांगरायचं आणि तिथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावायचं काम केलं. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ढीवरांना ठाऊक होतंच. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी अशाच कामाला गेलो ती बोडी जवळच्याच एका गावची. काम साधं: बेशरम मुळासकट उपटायची आणि पाण्यापासून लांब नेऊन उन्हात टाकायची. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे. मी आधी फोटो काढून घेतला. मग उतरलो. तिसऱ्या झुडपाला उजवा पाय गुडघ्याएवढा आत गेला.

मे महिन्यातला बोडीचा चिखल वरून पापडासारखा तडकलेला असतो आणि आत लोण्यासारखा मऊ. मी पाय ओढला, तर डावाही निघाला गाळाकडे. माझ्याच वयाची एक बाई, लुगड्याचा काचा मारलेली, हातातलं झुडूप टाकून आली.

“भाऊ, हालू नका. जेवढे हालसान तेवढे फससान.”

मी हाललो नाही. तिने दोन्ही हातांनी माझ्या पिंढरीभोवतीचा गाळ उकरला, थोडं पाणी आत सोडलं आणि म्हणाली, “बूट राहू द्या. पाय घ्या काढून.”

पाय निघाला. बूट राहिला. मला पाळीवर आंब्याच्या सावलीत बसवण्यात आलं, पाणी देण्यात आलं, एका पोराला माझ्यावर लक्ष ठेवायला नेमण्यात आलं. म्हणजे दोन झुडपांच्या बदल्यात मी गावाची तीन माणसं अर्धा तास कामातून काढली. दुपारी भात, लाखोरीचं वरण आणि झिंग्यांची चटणी. पान आधी मला वाढलं. मी “आभारी आहे” म्हणालो, तर त्या बाईने असं पाहिलं, जणू सभा संपली म्हणून मी सतरंजी गुंडाळायला घेतली. आपल्याकडे आभार हा कार्यक्रमपत्रिकेवरचा शेवटचा विषय. जेवताना कोण म्हणतं? “अजून भात घ्या,” ती म्हणाली.

संध्याकाळी वही उघडली. जमा: दोन झुडपं. नावे: एक पाय, पाणी, सावली, पोरगा, भात दोनदा. ताळेबंद जुळेना.

मारुती चितमपल्लींचंही असंच झालं. वनाधिकारी म्हणून नवेगावच्या जंगलात आले आणि गावच्या माधवराव पाटलांकडून पक्षी शिकले. आला होता साहेब, झाला विद्यार्थी. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘जंगलाचं देणं’. ‘देणं’ हा शब्द मी बँकेत रोज वापरला, पण एकाच बाजूने. देणं म्हणजे दिलेलं, आणि देणं म्हणजे फेडायचं राहिलेलंही. कोलू पाटलांनी दिलं, आणि तीनशे वर्षं लोक त्यांचं देणं लागतात. मी मात्र द्यायला म्हणून गेलो आणि कर्जदार होऊन परतलो. गंमत म्हणजे त्या रात्री मला फार छान झोप लागली. थकबाकीदारांना इतकी गाढ झोप लागते, हे मला काउंटरच्या आत असताना माहीत असतं तर निदान दोनचार जणांशी जरा बऱ्या शब्दांत बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी अनवाणी उतरलो. अकरा झुडपं.

जूनमध्ये पाऊस पडला, बोडी भरली, बूट पाण्याखाली गेला. डावा माझ्याकडे आहे: नऊ नंबर, जवळजवळ कोरा. कुणाचा डावा हरवला असेल तर घेऊन जावा.