भिंतीपलीकडचं बँकॉक

"बँकॉकला निघालात म्हणे," मी सहज विचारावं तसं विचारलं. भिंतीपलीकडे वहिनी दोरीवर चादर टाकत होत्या. त्या चादरीआडूनच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? भाऊजी आठवडाभर फुलाफुलांची हाफ पँट घालून दूध आणायला जाताहेत."

मग मात्र वहिनी चादरीबाहेर आल्या. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, लेकानं तिकिटं काढून दिलीत. बँकॉक, फुकेत आणि शेवटी सिंगापूर. पण गल्लीत नुसतं सिंगापूर सांगायचं असं दोघांचं ठरलंय. "बँकॉक म्हटलं की माणसं आधी ह्यांच्याकडे बघून हसतात, मग माझ्याकडे बघून हळहळतात."

खोटं नाही ते. आमच्या गल्लीत परदेशाचीसुद्धा उतरंड आहे. सगळ्यात वर युरोप, आणि युरोप म्हणजे स्वित्झर्लंड. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा बसवलाय, त्याच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो दिवाणखान्यात लागला की त्या घराची पत वाढते. त्याखाली दुबई, कारण तिथे कुणाचा ना कुणाचा भाचा असतोच. मग सिंगापूर. बँकॉक एकदम तळाला, पुरुषांच्या ऑफिसच्या सहलींनी बदनाम केलेलं.

"अहो, पण लाजता कशाला?" मी म्हटलं. आमची भिशी गेली होती ना तिकडे. ग्रँड पॅलेसच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे, त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर सबंध रामायण रंगवलंय. आपलं आणि त्यांचं थोडं वेगळं. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, हे कळल्यावर आमच्यातल्या एका सोवळ्या बाईंनी पुढचा पाऊण तास चित्रांकडे पाठ फिरवली होती. त्यांच्या जुन्या राजधानीचं नाव अयुत्थया, म्हणजे अयोध्याच. राजांनाही राम पहिला, राम दुसरा असंच मोजतात. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध तर शेहेचाळीस मीटर लांब. "हे सांगा लोकांना. तीर्थयात्रेला चाललोय म्हणा."

"ह्यांच्या त्या पँटीत?"

"त्या पँटीत पॅलेसमध्ये सोडायचेच नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात."

वहिनींना एवढी गोड बातमी कित्येक दिवसांत मिळाली नसावी.

मग मी त्यांना टुकटुकवाल्याचं सांगितलं. पॅलेसच्या आसपास एक सज्जन गृहस्थ भेटतो. इस्त्रीचा शर्ट, गोड इंग्रजी. म्हणतो, आज पॅलेस बंद, बुद्धाचा सण आहे. पण काळजी नको, हा टुकटुकवाला वीस बाथात तुम्हाला इतर देवळं दाखवेल. वीस बाथात आख्खं शहर! देवळं दाखवतोही एकदोन. त्यानंतर जे दुकान येतं तिथे माणिक आणि नीलम मिळतात, आज शेवटचाच दिवस असलेल्या सवलतीत. पॅलेस तेव्हा उघडाच असतो. साडेआठ ते साडेतीन, फाटकावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पण माणसं बघत नाहीत. एवढा चांगला बोलतोय, त्याला कसं म्हणायचं, थांब बाबा, मी आधी खात्री करते?

माझं मत विचाराल तर परदेशात आपल्याला चोरापेक्षा आपली भीड जास्त लुबाडते. पॅरिसला साक्रे-कर टेकडीच्या पायऱ्यांवर रंगीत दोरे घेतलेले लोक उभे असतात. हसतात, "इंडिया? नमस्ते!" म्हणतात आणि बोटाला दोरा गुंडाळून मनगटापर्यंत वेणी घालायला लागतात. आमच्या ह्यांनी आपला हात पुढे केला. ह्यांना वाटलं, फ्रान्समध्येही राखी बांधतात. वेणी पुरी झाली की त्याचे युरो मागायचे, आणि हात त्यांच्याच हातात असतो, पळणार कुठे? ह्यांनी ओवाळणी घातली म्हणायची. मी मात्र हात काखेत घालून सरळ चालत राहिले, तर ह्यांनी वर मलाच ऐकवलं, "किती उद्धट दिसतं ते!" दिसू दे.

पॅरिसची पाकीटमारी तर अशी की २०१३ च्या एप्रिलमध्ये लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनीच वैतागून एक दिवस काम बंद केलं. मोनालिसाला सुट्टी. रोमला स्टेशनपासून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस अशीच नावाजलेली. तिथे नवस बोलायला जाणारे आधीच हलके होऊन पोचतात.

"मग पैसे ठेवायचे कुठे?"

"सगळे एका जागी नाही, एवढंच. आणि पासपोर्ट कुणालाही तारण म्हणून द्यायचा नाही. फुकेतला पाण्यातल्या स्कूटरवाले मागतात, जेट-स्की की काय ते. परत आलात की जुना ओरखडा दाखवून भरपाई मागतात, आणि पासपोर्ट त्यांच्या खिशात."

एवढ्यात कोपऱ्यावरच्या बाई फाटकाशी थांबल्या. बाई भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून हातात खडू असल्यासारख्या बोलतात.

"फुकेतला कुठल्या महिन्यात?"

"ऑगस्टमध्ये. स्वस्त पडलं."

"पडणारच. तो अंदमानचा समुद्र. मे ते ऑक्टोबर तिथे आपलाच नैऋत्य मोसमी वारा. श्रावणात गणपतीपुळ्याला पाण्यात उतरता का?"

"छे, वेडी का मी?"

"मग तिथे कशा उतराल?"

वहिनी गप्प. बाईंनी लगेच धडा घेतला. लाल बावटा लावलेला असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा जायचं नाही. पाण्याच्या ओढीत सापडलंच कुणी तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या बाजूला निघायचं आणि मग वळायचं. जिथे लाटा फुटत नाहीत, तो शांत दिसणारा पट्टाच बहुधा ओढीचा असतो. माणसं नेमकी तीच जागा पोहायला निवडतात.

"आणि बेटांवर जाणारी बोट? तिचे पैसे आधीच भरलेत."

"भरलेत म्हणूनच माणसं चढतात," बाई म्हणाल्या. "२०१८ च्या जुलैत फिनिक्स नावाची बोट फुकेतजवळ बुडाली. सत्तेचाळीस माणसं गेली. खराब हवेचा इशारा होता." वहिनींचा चेहरा उतरलेला पाहून बाईंनी त्यांची आवडती गोष्ट काढली. ती मी पुष्कळदा ऐकलीय, पण त्यांना अडवण्यात अर्थ नसतो.

२६ डिसेंबर २००४. फुकेतचा माई खाओ किनारा. टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज पोर आईबापांबरोबर नाताळच्या सुट्टीत आलेली. समुद्राला फेस येतोय, पाणी वाढतंय आणि मागे म्हणून जात नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. पोर ओरडायला लागली. आईला पटेना. बापानं शेवटी हॉटेलच्या पहारेकऱ्याला सांगितलं, किनारा रिकामा केला, आणि त्या किनाऱ्यावर एकही माणूस दगावला नाही.

"भूगोलाच्या तासाला!" बाई भिंतीवर बोट आपटत म्हणाल्या. "आणि आपल्याकडे तो तास पी.टी.ला देतात."

भाऊजींची भाड्याच्या स्कूटरची हौसही बाईंनी तिथेच निकालात काढली. आरटीओतून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट नसताना चालवली आणि पडले, तर विमा कंपनी हात वर करते. विम्याचं मी पुढे चालवलं. युरोपला तीस हजार युरोंच्या वैद्यकीय विम्याशिवाय व्हिसाच देत नाहीत, म्हणून सगळे मुकाट्यानं काढतात. थायलंडला सक्ती नाही म्हणून तेच लोक काढत नाहीत, जसं काही पाय फक्त युरोपातच मुरगळतो. भाऊजींचं बीपी अर्जात लिहायचं, लपवायचं नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. थायलंडला टुरिस्ट पोलीस ११५५, सिंगापूरला पोलीस ९९९ आणि ॲम्ब्युलन्स ९९५, हे कागदावर लिहून घ्यायचं, कारण मोबाइल बंद पडतो तो नेमका तेव्हाच. तो पॉवर बँकही हातातच ठेवायचा, मोठ्या बॅगेत चालत नाही. दोन्ही देशांत शिरायच्या आधी ऑनलाइन भरायचा फॉर्म असतो, तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करायची.

"आणि स्टेटस?" मी विचारलं.

"कसलं?"

"मोबाइलवरचं. विमानतळावर पोचल्या पोचल्या भाऊजी टाकणार, 'दोघं निघालो सिल्व्हर ज्युबिलीला.' म्हणजे घर रिकामं आहे, याची जाहिरात. परत आल्यावर टाका म्हणावं, फोटो काही शिळे होत नाहीत." किल्ली माझ्याकडे, पेपर बंद, दूध मी घेईन, संध्याकाळी पडवीतला दिवा लावीन, असं सगळं भिंतीवरच ठरलं. तुळशीला पाणी घालायचं तर मी विचारल्याशिवायच धरून चालले होते.

निघता निघता वहिनी म्हणाल्या, "सामान मात्र फार झालंय हो. वन्संच्या मैत्रिणीचाही एक डबा न्यायचाय. तिची मुलगी सिंगापूरला बाळंत झालीय."

"काय आहे डब्यात?"

"काय की. शिवून दिलाय पांढऱ्या कापडात. वर चिकटपट्टी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे.

मुंबईच्या त्या जोडप्याची बातमी वहिनींनी वाचली नव्हती. २०१९ मधली. नवऱ्याच्या आत्यानं हौसेनं दोघांना कतारला सहलीला पाठवलं, वर एक पुडकं दिलं. जर्दा आहे, तिकडच्या ओळखीच्या माणसाला द्या म्हणाली. दोहा विमानतळावर त्यातून चार किलोच्या वर चरस निघाला. दहा-दहा वर्षांची शिक्षा. बायकोला दिवस गेले होते, मूल तुरुंगात जन्मलं. इकडे आपल्या अमली पदार्थ विभागानं तपास करून आत्याचा डाव उघडकीला आणला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये दोघं सुटून आली. आणि देणारी कोण, तर आत्या. स्टेशनवर भेटलेला कुणी ऐरागैरा नव्हे. त्याला आपण नाही म्हणतोच.

"पण वन्संची मैत्रीण तसली नाही हो," वहिनी कळवळून म्हणाल्या. "बँकेतून निवृत्त झालीय."

"तसली नसेलच," बाई म्हणाल्या. "कात्री आणा."

वहिनी आत गेल्या त्या डबा आणि कात्री दोन्ही घेऊन आल्या, पण उसवायला त्यांचा हात होईना. बाईंनी उसवलं. कापड, चिकटपट्टी, स्टीलचा डबा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि झाकण निघताच तुपाचा घमघमाट. डिंकाचे लाडू! एकसारखे, वर बेदाणा लावलेले. वहिनींचा जीव भांड्यात पडला. आम्ही दोघी ओशाळल्यासारख्या झालो. मग बाईंनी एक लाडू फोडला, भिंतीवर उन्हात धरला, आणि चष्मा वर केला.

"खसखस आहे."

"असणारच. बाळंतिणीचे आहेत ते."

"खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. दुबईला तर ती घेऊन उतरायची सोयच नाही, माणसं आत गेलीत. सिंगापूरलाही बंदी आहे."

"लाडवासाठी काय फाशी देणार आहेत?"

"लाडवासाठी नाही देत. पंधरा ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉईन सापडलं की देतात. अशा देशातल्या कस्टमवाल्याला तुम्ही डिंकाच्या लाडवाची कृती समजावून सांगणार का, कुठल्या भाषेत, एवढंच मी विचारतेय."

त्या देशात १९९२ पासून च्युइंगगम आणायला बंदी आहे, तेव्हा लाडवाचं काही सांगता येत नाही, हे मलाही पटलं. खारीक, डिंक, तूप, बदाम यांना कुणी हरकत घेतली नसती. अडत होतं ते चिमूटभर खसखशीपाशी. वहिनींनी दोनतीनदा डबा बंद करून परत उघडला, आणि शेवटी फोन लावला. स्पीकरवर.

"वन्सं, जरा एक सांगायचं होतं. त्या लाडवांत खसखस आहे ना, ती तिकडे चालत नाही. तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, खसखस न घालता परत वळून देतील का? मी नेते की. अजून आठ दिवस आहेत."

"खसखशीशिवाय डिंकाचे लाडू?" पलीकडून आवाज आला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "मग बाळंतिणीला नुसती खारीकच चघळायला सांग ना! आणि काय गं, लाडू आहेत हे तुला कसं कळलं? तू डबा उसवलास?"

वहिनींनी आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे... मी नाही..."

"द्या इकडे," म्हणत बाईंनी फोन ओढला. "मी उसवला. कोपऱ्यावरच्या बाई बोलतेय, भूगोलाच्या." पण तोंडात अर्धा लाडू असल्यामुळे वन्संना त्यातलं कितपत कळलं, कोण जाणे.