फड कुणाचा?

आषाढी वारीची पालखी मुक्कामाला आली की ओसरीवर टेकलेल्या माळकऱ्याला गाव विचारण्याआधी ‘दिंडी कितवी?’ असं विचारायचं. ‘रथामागं 20’ असं उत्तर आलं की झालं. लाखांच्या गर्दीत चुकलेला माणूस एवढ्या पत्त्यावर रात्री आपल्या तंबूत बरोबर पोचतो. आमच्या पार्सलवाल्याला पिनकोडसकट पत्ता देऊनही घर सापडत नाही, ते सोडा.

‘फड कुणाचा?’ विचारलं की मात्र तोच माणूस जरा सावरून बसतो. दिंडी चालण्यापुरती, फड पिढ्यांचा. वासकरांचा, देहूकरांचा, शिरवळकरांचा. माळ कुणाच्या हातून घातली, अभंग कोणत्या क्रमानं म्हणायचे, चाल कोणती, हे सगळं फडाच्या शिस्तीनं. सगळं विठोबाचं म्हणणाऱ्यांच्या दिंडीलाही मालक असतो, याचं तिथं कुणालाच नवल वाटत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी 1832च्या सुमारास ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते सरदारी दरबारात वावरलेले. सोहळ्यातले घोडे, चोपदार, रथापुढच्या-मागच्या दिंड्यांचे क्रम पाहिले की ते लगेच कळतं.

आणि हाच फड कुस्त्यांचा, तमाशाचा, उसाचा. धुळ्याकडे पांझरेच्या काठी बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली; एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी सोडेल तेव्हाच पाणी घ्यायचं. कीर्तनकार, पैलवान आणि फडावरची नर्तकी यांना एकाच शब्दाखाली बसवताना मराठी माणसाला कधी संकोच वाटलेला नाही. मला तर हे भाषेचं मोठं शहाणपण वाटतं. चार माणसं जमली, त्यांची रीत ठरली आणि शेजारच्या चौघांशी थोडी चुरस लागली, की फड उभा राहिला. चुरस नसेल तर ती नुसती गर्दी.

रुसवेफुगवे आलेच. त्यांची सोय पाहायची तर माउलींच्या तळावर समाजआरतीला जावं. पालखीभोवती दिंड्या गोलाकार उभ्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंच करून ‘होऽऽ’ म्हणतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एका कोपऱ्यात मात्र खणखणाट चालूच. ती बेशिस्त नव्हे, तक्रार आहे! ज्या दिंडीचं काही बिनसलंय, ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिकडे जातात, विणेकऱ्याजवळ उभे राहून ऐकून घेतात. टँकर आला नाही, नाहीतर वाटेत कुणी क्रम मोडून पुढं घुसलं. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा.

अर्ज नाही, पोच नाही, ‘उद्या या’ नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत ही पद्धत सुचवून पाहिली. सचिव म्हणाले, ‘टाळांचा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा?’