गोटेसर

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात एक तरी निवृत्त मास्तर असा असतो, ज्याच्या घरी पाण्याच्या पेल्याआधी दगड पुढे येतो. त्याचं आडनाव पेन्शनच्या कागदावर वेगळंच असतं. गाव त्याला गोटेसर म्हणतं आणि तोही ओ देतो.

तुमसरला, साकोलीला, पवनीला मी असे गोटेसर पाहिले आहेत. सगळ्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, कारण शबनम कायम त्याच बाजूला. शबनममध्ये हातोडी, भिंग, जुने पेपर आणि फुटाण्याची पुडी. नजर सदा जमिनीवर, त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांना चपलांवरून ओळखू येतात. लग्नाला गेले तर मांडवापुढे टाकलेली गिट्टी आधी बघतात, नवरी नंतर. मयतीला गेले तर वैनगंगेच्या काठी सरण रचून होईपर्यंत यांचे खिसे भरलेले असतात. कुणी विहीर खणायला काढली की गाव विचारतं, "पाणी लागलं का?" सर विचारतात, "खडक कोणता लागला?" पाणी लागल्याचं त्यांना थोडं वाईटच वाटतं, कारण मग खोदकाम थांबतं.

आलेल्या माणसाची परीक्षा ठरलेली. "धरा," म्हणून सर एक काळा, ओबडधोबड, पेरूएवढा गोटा हातावर ठेवतात. दिसायला डांबराचा तुकडा. वजनाचा अंदाज चुकतो आणि हात खाली जातो. पाहुण्याचा हात खाली गेला की सरांचा चेहरा वर येतो.

"मँगनीज होय बापा. डोंगरी बुजुर्गचं."

यानंतर सुटका नाही. तुमसर तालुक्यातल्या चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग या खाणींची नावं सर गावजेवणाच्या यादीतली घराणी सांगावीत तशी मानानं घेतात. १८९६ मध्ये गोऱ्या साहेबांचं प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट मध्य प्रांतात कसं आलं, १९६२ मध्ये मॉयल ही मँगनीज कंपनी कशी झाली, मँगनीज नसेल तर पोलाद कसं ठिसूळ होतं, हे सगळं तुम्ही उभ्यानं ऐकायचं. दरम्यान वीज जाते. आपल्याला वाटतं, चला, निमित्त मिळालं. सर टॉर्च लावतात आणि सांगतात की टॉर्चच्या सेलमधला काळा भुगा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, आणि त्यासाठीच डोंगरी बुजुर्गचं नाव आहे. अंधारातसुद्धा विषय बदलत नाही.

तेवढ्यात फर्मर येतो. ल्युइस ली फर्मर हा भूगर्भ खात्याचा इंग्रज अधिकारी. भारतातल्या मँगनीजवर त्यानं लिहिलेला हजारावर पानांचा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. सर त्याचा उल्लेख एकेरीत करतात आणि तोही असा, की परवाच येऊन चहा पिऊन गेला. मँगनीजच्या गार्नेटनं आणि गारेनं बनलेल्या इथल्या खडकाला त्यानं गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिलं, याबद्दल सर त्याचे कायमचे ऋणी आहेत. खनिजांच्या बारशात मात्र या गृहस्थानं कचेरीचंही भान ठेवलं. एका खनिजाला खात्याचे प्रमुख टॉमस हॉलंड यांचं नाव, दुसऱ्याला सहकारी व्रेडेनबर्ग यांचं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापार गावाचंही नाव त्यानं एकाला दिलं, सीतापाराइट. पुढे कळलं की हे खनिज अमेरिकेत आधीच सापडून गेलंय आणि त्याचं बिक्स्बाइट असं नावही पडलंय. सीतापार पुसलं गेलं. हॉलंडाइट आजही पुस्तकात आहे.

"साहेबाचं नाव राह्यलं, गावाचं गेलं," सर म्हणतात आणि टेबलावर मूठ आपटतात. त्यावरचे गोटे उडतात. फर्मर पुढे त्याच खात्याचा डायरेक्टर झाला. फाइल पुढे सरकवण्याचे बरेच मार्ग मी सरकारी कचेऱ्यांत पाहिले, पण साहेबाच्या नावाचा दगड म्हणजे कमालच.

सरांचा खरा राग पश्चिम महाराष्ट्रावर. पुणे, नाशिक, जळगावकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात, हिरवं ॲपोफिलाइट सापडतं. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक डोक्यावर घेतात. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं आख्खं संग्रहालय उभं आहे. सर ते बघून आले तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते, असं काकू सांगतात. घरातले ते सगळ्यात शांत दिवस होते, हेही सांगतात.

"त्यायचे गोटे काचेच्या कपाटात आन आपले भट्टीत. हा अनुशेष नाही तं काय होय?" विदर्भाच्या अनुशेषावर निघालेल्या एका समितीला सरांनी सिंचन, रस्ते, नोकऱ्या यांच्या खाली स्फटिकांचाही मुद्दा लिहून पाठवला होता. उत्तर आलं नाही. "त्यायचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. कालचं पोर! आपला शंभर कोटीच्या वरचा. वयाले काही मान?"

पण हेच वय सरांना नडतं. चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला आणि गडचिरोलीत सिरोंच्याकडे डायनासोरची हाडं निघाली, हे पेपरात आल्यापासून बांधीत नांगराला लागलेला प्रत्येक वाटोळा गोटा हे अंडं असतं. शेतकरी ते पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीवर ठेवून हळूहळू आणतो. सर भिंग लावतात. उगाच लावतात, निकाल आधीच ठरलेला असतो.

"अंडं नाही. गारेचा गोटा होय."

"काहून सर? चंद्रपूरवाल्यायले सापडते, आपल्यालेच काहून नाही?"

सर समजावतात की डायनासोर पृथ्वीवर आले तेवीसेक कोटी वर्षांमागे. आपल्याकडचा बहुतेक खडक त्याच्या कितीतरी आधी जमिनीच्या पोटात दाबून, भाजून, वाकून तयार झाला. त्यात जीवाश्म टिकायचा नाही, आणि अंडं घालायलाही तेव्हा कुणी नव्हतं. शेतकऱ्याला यात फक्त एवढंच ऐकू येतं की भंडाऱ्याला यातही काही मिळालं नाही. तो अंडं परत पोत्यात घालतो. आठवड्यानं ते धुऱ्यावरच्या पळसाखाली शेंदूर लावून बसवलेलं दिसतं. सरांची याला हरकत नसते. नमुना सुरक्षित राहतो, जागा नक्की राहते आणि दर सोमवारी कुणीतरी धुऊन काढतं. संग्रहालयाकडून आणखी काय हवं?

स्वतः सरांकडे जीवाश्म म्हणून एकच वस्तू आहे आणि ती दिवाणखान्यात, मुलाच्या पदवीदानाच्या फोटोशेजारी काचेत आहे. ती म्हणजे पिसदुऱ्याची विष्ठा. डायनासोरच्या काळातली, दगड झालेली. त्या गावच्या अशाच विष्ठेत शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि २००५ मध्ये जगाला कळलं की डायनासोरांच्या काळातही गवत होतं आणि ते खाणारे होते. तोपर्यंत गवत त्यांच्यानंतर आलं असाच समज होता. सर हे सांगताना उभे राहतात. काकू आतून म्हणतात, "दोन गायी होत्या तं शेणाचा वास येते म्हणून विकल्या. आन हे काचेत ठेवलं."

काकूंनी संग्रहाला आपल्या परीनं न्याय दिलेला आहे. मँगनीज लोणच्याच्या बरणीच्या दादरीवर, गोंडाइट पलंगाच्या हलणाऱ्या पायाखाली, आणि चमचमणाऱ्या अभ्रकाचा दगड देवघरात, कारण तो दिव्यात छान दिसतो. सर दुखावले की हिस्लॉपचा दाखला देतात. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला धर्मप्रसाराला, आणि सोबती हंटरला घेऊन टाकळीच्या खडकात जीवाश्म शोधत बसला. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना नदीच्या पुरात बुडाला. "आज नागपुरात त्याच्या नावाचं कॉलेज आहे," सर म्हणतात.

"कॉलेजचं समजलं," काकू म्हणतात, "त्याच्या बायकोचं काय झालं थे सांगा."

यावर सरांकडे अजून तरी उत्तर नाही.

प्रत्येक गोट्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर नंबर, आणि शाळेच्या जुन्या हजेरीपटात त्या नंबरची नोंद. ठिकाण ठाऊक नसलेला दगड म्हणजे गिट्टी, हे सर प्रत्येकाला बजावतात, आणि ते खरंही आहे. पण ठिकाणाच्या रकान्यात डोकावलं तर मजकूर दिसतो: 'मोहाच्या मागे', 'कुत्रा लागला तिथे', 'जावयाने गाडी थांबवली ती जागा'. कारण साकोलीचे गोटेसर. हजेरीपट त्यांच्या हाती लागला तर? ठिकाण लिहिलं नाही तर गोट्याला किंमत नाही आणि लिहिलं तर तिथं गोटा उरत नाही, या पेचात सरांचं उतारवय चाललेलं आहे. दोघे एकमेकांच्या घरी जातात, जेवतात, संग्रह बघतात आणि सगळ्यात सुंदर नमुन्याला "बरा आहे" म्हणतात. जाताना यजमान पाहुण्याच्या शबनमला सहज हात लावून वजन बघतो.

सरांचं आवडतं खनिज म्हणजे कायनाइट. दहेगाव-पिंपळगावकडचं, निळं, पात्यासारखं लांबट. तेही बिचारं भट्टीच्या विटांसाठीच जातं. परवा मी बसलो होतो तेव्हा शेजारचा पोरगा आला. ज्योतिषानं साडेसातीवर नीलम सांगितला होता आणि नीलमचा भाव ऐकून घरात साडेसाती दुप्पट झाली होती. सरांकडे निळा दगड आहे एवढं त्याला ठाऊक होतं.

सरांना ज्योतिषाचा तिटकारा, पण श्रोता सोडवत नाही. "नीलम म्हणजे कुरुंद होय," ते म्हणाले. "कुरुंद आपल्या पोहऱ्याकडेही सापडते, पण थो अंगठीचा नाही, धार लावाचा." मग त्यांनी कपाटातून कायनाइटचं पातं काढलं, खिशातला चाकू उघडला आणि पात्याच्या लांबीच्या दिशेनं टोक ओढलं. बारीक पांढरी रेघ उमटली. बोटानं पुसली, तरी राहिली. मग तोच चाकू, तेवढाच जोर, पण आडवा ओढला. काहीच नाही. उलट चाकूच्या टोकाची राखाडी खूण दगडावर आली, ती मात्र बोटानं पुसली गेली.

"पाह्यलं? एकाच गोट्याचा कठीणपणा दोन दिशेनं दोन. उभा नरम, आडवा कडक. जगात असे गोटे फार नाहीत."

पोरगा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. सरांना वाटलं, लागला गळाला. त्यांनी हजेरीपट ओढून घेतला, भिंग पुसलं.

"सर," पोरगा म्हणाला, "मंग शनीसाठी अंगठीत उभा बसवू का आडवा?"