थंडाव्याची दरखास्त

वैशाखात कोल्हापूरहून पन्हाळ्यास निघालेल्या मनुष्याने थंड हवेची अपेक्षा गडावर पोचल्यावर करावी, हा पूर्वापार संकेत. परंतु मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या स्नेह्यांना ती मोटारीतच हवी असल्याने, ताराराणी चौकात एसीने ऊन वारा फुंकण्यास आरंभ करताच आमची स्वारी गडाऐवजी शिवाजी उद्यमनगरात दाखल झाली. वाटेत ज्याला ज्याला विचारले, त्याने बॉनेटकडे न पाहताच ‘गॅस संपलाय’ असा निर्णय दिला. पण ज्या नगरीत १९१८ साली बाबूराव पेंटरांनी स्वदेशी सिनेकॅमेरा घडविला, तेथील मिस्त्री ऐकीव माहितीवर विसंबणारा नव्हता.

त्याने गेज लावून दाब पाहिला, आणि मग इंजिन चालू असता कॉम्प्रेसरची पुली फिरते, परंतु तिच्या पुढची क्लचची चकती निश्चल आहे, हे आम्हांस बोटाने दाखविले. “गॅस हाय की, काका! क्लचला लाईटच येत न्हाई.” टेस्ट लॅम्प क्लचच्या वायरीस लावला, तो पेटला नाही, फ्यूज मात्र शाबूत निघाला.

वस्तुतः डॅशबोर्डावरील बटणापासून निघालेली थंडाव्याची दरखास्त थर्मोस्टॅट व प्रेशर स्विच यांचे अनुकूल शेरे घेऊन रिलेपुढे रुजू होते. रिलेने मंजुरी दिली म्हणजे १२ व्होल्टांचा तीन-चार अँपिअर प्रवाह कॉइलीत उतरतो, तिचे विद्युच्चुंबक बनते, आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडून चकती पुलीस टक्कन चिकटते. आमची दरखास्त रिलेपाशीच अडली असावी, असा मिस्त्रीचा कयास होता.

“म्हणजे कागद आत जातो, बाहेर येत नाही,” स्नेही उद्गारले, “हे टेबल माझ्या परिचयाचे आहे!”

मिस्त्रीने रिले उपटून त्याच्या खाचांत वायरीचा तुकडा जोडताच ‘टक्’ झाले. पुढे हॉर्नचा तसलाच रिले त्या जागी बसविताच गार वारा सुटला. “ह्योच मेलाय. नवा उद्या येतोय; तवर हॉर्नचा चालंल. जावा पन्हाळ्याला!” एका खात्याचा इसम दुसऱ्या खात्यात वर्ग करण्याची ही तजवीज स्नेह्यांना फारच पसंत पडली.

गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या कट्ट्यापाशी रस्त्यात आडव्या उभ्या असलेल्या म्हशीने मात्र आमच्या मुक्या मोटारीची दखल घेण्याचे नाकारले. तेव्हा स्नेह्यांनी काच खाली करून, मान बाहेर काढून, “अहो, म्हैस बाजूला घ्या!” असा जो पुकारा आरंभिला, तो पंचगंगेवरील शिवाजी पुलापर्यंत अखंड चालला, आणि इतक्या शेऱ्यांनिशी मंजूर झालेल्या थंडाव्याचा लाभ मुख्यत्वे त्या म्हशीस व तिच्या मागील रहदारीस झाला.